सीसीएनएसाठी पुस्तक कुठलं घेऊ? जुनं हातात आहे, नवं परवडत नाही

माणदेशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीएस्सी कॉम्प्युटर केलंय तालुक्याच्या कॉलेजातून, सध्या हिंजवडीत एका कंपनीच्या एनओसीत (नेटवर्कवर लक्ष ठेवणारी टीम) एल-वन ला, म्हणजे खालच्या पायरीवर आहे, कंत्राटी. काम म्हणजे स्क्रीनवर लाल दिवा लागला की तिकीट काढायचं आणि वरच्या टीमला फोन करायचा. दीड वर्ष हेच चाललंय. आमच्या लीडने स्पष्ट सांगितलं की सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) कर, मग एल-टू साठी तुझं नाव पुढे टाकतो. म्हणून मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन सेकंडहँड पुस्तक घेतलं, अडीचशे रुपयांत मिळालं, जाडजूड, खूष होतो. नाइट शिफ्टला वाचून निम्म्याच्या वर आलो आणि ईआयजीआरपीवर (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायचा एक प्रोटोकॉल) चार दिवस घालवले, वहीत सगळा मेट्रिकचा फॉर्म्युला उतरवून काढला. परवा शेजारच्या डेस्कवरचा म्हणाला अरे ईआयजीआरपी तर परीक्षेतून कधीच गेलं! कव्हर बघितलं तर २००-१२५ लिहिलंय. मला वाटलं होतं तो पुस्तकाचा काहीतरी नंबर असेल.

आता प्रश्न असा की सिस्को प्रेसच्या पुस्तकाचे नवे दोन खंड घ्यावेत का, की दुसऱ्या कुणाचं एकच पुस्तक चालेल, की व्हिडिओ बघून होतं? परीक्षेचीच फी ३०० डॉलर आणि वर कर, त्यामुळे पुस्तकाला किती घालायचे ते कळेना. आणि खरं सांगायचं तर दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी वाचतो पण एका पानाला दहा मिनिटं जातात.

राउटरवाला

माणदेशी, आधी ते पुस्तक फेकू नका. आणि चार दिवस वाया गेले असंही समजू नका, त्याचं पुढे सांगतो.

मी सोळा वर्षं या लाइनीत आहे, माझं पहिलं सर्टिफिकेशन माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेल्या पुस्तकावर झालंय, त्यामुळे सेकंडहँडला माझा अजिबात विरोध नाही. फक्त एक सवय लावून घ्या, पुस्तक उघडायच्या आधी परीक्षेचा कोड बघायचा. तुमच्याकडचं २००-१२५ म्हणजे २०१६ चा अभ्यासक्रम. २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ सुरू झालं, तेव्हा आधीची दोन पेपरांत द्यायची वाटही बंद झाली, आता एकच पेपर, १२० मिनिटांचा. त्यातही २० ऑगस्ट २०२४ पासून १.१ ही सुधारित आवृत्ती चालू आहे. कोड तोच राहिला पण आतले काही मुद्दे बदलले, म्हणून २०२० चं पुस्तकही थोडं मागे पडतं.

सिस्कोच्या साइटवर विषयांची यादी फुकट मिळते, ती प्रिंट काढा आणि भिंतीला लावा. सहा भाग आहेत. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस म्हणजे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी लिंक), एसटीपी (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल), वायरलेस वगैरे २०, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग २५, आयपी सर्व्हिसेस १०, सिक्युरिटी १५ आणि ऑटोमेशन १०. आता तुमचं जुनं पुस्तक घेऊन बसा आणि यादीतल्या एकेका ओळीसमोर त्या पुस्तकाचं प्रकरण लिहा. ज्या ओळीसमोर काहीच सापडणार नाही तेवढंच तुम्हाला नवीन शोधायचंय. इथरनेट बदललेलं नाही, सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं) बदललेलं नाही, व्हीलॅन, एसटीपीचा गाभा, एसीएल (कुठला ट्रॅफिक जाऊ द्यायचा त्याचे नियम), नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलणं), ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलचा पाया सगळं तेच आहे. ऑटोमेशन मात्र त्या पुस्तकात जवळजवळ नाही, वायरलेस कंट्रोलरचं नाही, आणि सिक्युरिटी आता जास्त खोल विचारतात.

ईआयजीआरपीचं म्हणाल तर परीक्षेत कॉन्फिगर करायला विचारत नाहीत, पण राउटिंग टेबल (राउटरची रस्त्यांची यादी) वाचायला विचारतात, त्यात डी अक्षर (ईआयजीआरपीची खूण) दिसलं आणि कंसात ९० (त्याचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे रूट कुठून कळला त्यावरच्या विश्वासाचा आकडा, कमी तो बरा) दिसलं की ते काय आहे ते कळलं पाहिजे. तेवढं तुम्हाला आता झोपेतही येईल.

गोदाकाठ

+१. फक्त एक भर, नव्या पुस्तकाबरोबर सराव परीक्षेचा अ‍ॅक्सेस कोड येतो, सेकंडहँडमध्ये तो बहुतेक वेळा वापरून झालेला असतो. दुकानदाराला माहीत नसतं. घेताना मागचं पाकीट फोडलेलं आहे का ते बघून मगच भाव करा.

चंद्रभागा

राउटरवाला सर, पण मग नवीन पुस्तक घ्यायचं तर ओडमचं की लॅमलचं? मीपण तिथेच अडकलेय. आमच्या क्लासवाल्यांनी ओडमच सांगितलं पण मैत्रीण म्हणते ते वाचताना झोप येते.

राउटरवाला

दोन्ही वाचलेत म्हणून सांगतो. वेंडेल ओडमची ऑफिशियल सर्ट गाइड सिस्को प्रेसची, दोन खंड, दुसरी आवृत्ती २०२४ ची, तीच १.१ ला धरून आहे. माणूस नव्वदच्या दशकापासून याच परीक्षेवर लिहितोय आणि ते जाणवतं, कारण विद्यार्थी कुठे घसरतो ते त्याला ठाऊक आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छोटी चाचणी असते, "हे तुम्हाला आधीच येतं का" अशा अर्थाची. बरेच जण ती गाळून पुढे जातात आणि तिथेच चुकतात, कारण ती चाचणी नीट जमली तर ते प्रकरण चाळलं तरी चालतं, तुमचा दिवस वाचतो. पण हो, पुस्तक संथ आहे. एक गोष्ट तो तीन बाजूंनी सांगतो.

टॉड लॅमलची भाषा गप्पा मारल्यासारखी आहे, वाक्यं छोटी, आणि सबनेटिंगचा सराव तर त्याच्याइतका भरपूर कुणी करून घेत नाही असं माझं मत. पण काही विषय तो पटकन उरकतो आणि मग ओएसपीएफचे शेजारी राउटर का जुळत नाहीत असा प्रश्न आला की त्यावर विसंबलेला मुलगा अडखळतो. माझा सल्ला, एकच मुख्य पुस्तक ठरवा, ओडम, आणि ते शेवटच्या पानापर्यंत न्या. दुसरं फक्त जिथे अडलं तिथे उघडायला, तेही लायब्ररीतून किंवा मित्राकडून.

मोगरा

माणदेशी भाऊ, तुमचं ते पानाला दहा मिनिटंवालं वाचलं आणि मला माझेच दिवस आठवले म्हणून लिहायला बसले. मी पूर्ण मराठी माध्यमाची, बारावी आणि मग डिप्लोमा. पहिल्यांदा ओडम उघडलं तेव्हा पहिल्या प्रकरणाला आठवडा लागला होता आणि मी रडले होते हे इथे सांगायला लाज वाटत नाही.

पण एक सांगते, या पुस्तकांचं इंग्रजी अवघड नाही, तेच तेच दीडदोनशे शब्द फिरून फिरून येतात. पहिली चारपाच प्रकरणं होईपर्यंत त्रास, नंतर वेग आपोआप येतो. मी काय करायचे तर एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आईला समजावतेय असं मराठीत मोठ्याने सांगायचं. आई खरंच शेजारी मेथी निवडत बसलेली असायची. एआरपी म्हणजे काय (आयपी पत्त्यावरून यंत्राचा मॅक पत्ता शोधणं) तर गल्लीत उभं राहून ओरडायचं "हा नंबर कुणाच्या घराचा?" आणि ज्याचं घर तोच हात वर करतो, बाकीचे गप्प. आई म्हणाली मग प्रत्येक वेळी ओरडतात का, एकदा कळल्यावर लिहून ठेवत नाहीत का? तेव्हा एआरपी कॅश मला कायमची कळली. वही मराठीत ठेवा, फक्त तांत्रिक शब्द इंग्रजी उच्चारातलेच ठेवा, ते भाषांतर करायला जाऊ नका, परीक्षेत ते तसेच येणार आहेत.

आणि सबनेटिंग रोज, दात घासल्यासारखं. कॅल्क्युलेटर मिळत नाही तिथे. मी असं करायचे बघा, १९२.१६८.१०.७७/२७ दिलंय. २७ म्हणजे पहिले २७ बिट नेटवर्कचे, शेवटच्या ऑक्टेटमध्ये (पत्त्यातल्या चौथ्या आकड्यात) तीन बिट घेतले, मास्क २२४. २५६ वजा २२४, उरले ३२, म्हणजे उड्या बत्तीसच्या. ०, ३२, ६४, ९६. सत्त्याहत्तर कुठे बसतो, ६४ आणि ९६ च्या मध्ये. म्हणून नेटवर्क ६४, पुढचं ९६ त्याच्या एक आधी ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) ९५, आणि वापरायचे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. एवढंच आहे. हेच तिसऱ्या ऑक्टेटमध्ये करायचं, १७२.१६.४५.२००/२०, मास्क २४०, उड्या सोळाच्या, ४५ बसतो ३२ आणि ४८ मध्ये, नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. शेवटच्या २०० कडे बघायचंच नाही, तिथे मुलं फसतात. रोज सकाळी वीस गणितं, पंधरा दिवसांत एक गणित वीस सेकंदांवर येतं. बसमध्ये गाड्यांच्या नंबरांवरून पण करायचे मी.

ठाणेकर_०७

माझं मत वेगळं आहे. पुस्तकाचं युग गेलं. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा पूर्ण कोर्स फुकट आहे, लॅबसकट, फ्लॅशकार्डसकट. मी एकही पुस्तक न घेता पास झालो, पहिल्या फटक्यात. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला हजारोंची पुस्तकं घ्यायला का सांगताय?

राउटरवाला

ठाणेकर, तो कोर्स चांगला आहे, मी स्वतः टीममधल्या पोरांना लावतो आणि तुम्ही पास झालात त्याचं मनापासून अभिनंदन. पण माणदेशीला एल-टू व्हायचंय, नुसतं पास व्हायचं नाही. व्हिडिओत माणूस बोलत असतो तेव्हा आपल्याला सगळं कळतंय असं वाटत राहतं. पुस्तकात तुम्हाला अडतं तिथे तुम्ही थांबता, मागचं पान काढता, पेन्सिलीने खूण करता. आणि कामावर गेल्यावर रात्री तीन वाजता लिंक पडली की कुठल्या व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला ते होतं हे आठवत नाही, पण पुस्तकाचं ते पान डोळ्यासमोर येतं, डाव्या बाजूला वर, शेजारी आकृती. मला अजून येतं.

पैशांचं तुमचं बरोबर आहे. म्हणून माणदेशीला मी असं सांगेन, व्हिडिओ फुकट आहेत ते मुख्य धरा, जुनं पुस्तक सोबत धरा, आणि पैसे खर्च करायचेच तर फक्त ओडमचा दुसरा खंड नवा घ्या. एसीएल, सिक्युरिटी, आयपी सर्व्हिसेस, ऑटोमेशन हे त्यात आहे, नेमकं तुमच्या जुन्या पुस्तकात अपुरं आहे ते.

ठाणेकर_०७

हे पटलं. मला एवढंच म्हणायचं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये.

वेगवान

एवढं कशाला, एका ग्रुपवर डम्प (परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्न नि उत्तरं) मिळतात, पंधरा दिवस पाठ करा, काम तमाम. पाहिजे असेल तर मेसेज करा.

राउटरवाला

वेगवान, हे इथे नको. परीक्षेला बसताना तुम्ही प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार मान्य करता. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो आणि पुढे बसायलाही बंदी येऊ शकते.

पण कराराचं बाजूला ठेवा. मी महिन्याला आठदहा मुलाखती घेतो. सर्टिफिकेट बघितलं की मी समोरच्याला कागद देतो आणि म्हणतो, दोन स्विच काढा, मध्ये ट्रंक काढा, आता व्हीलॅन १० मधला पीसी व्हीलॅन २० मधल्या पीसीला पिंग करतोय, फ्रेमचा (डेटाच्या पाकिटाचा) प्रवास सांगा. ज्याने डम्प पाठ केलेत तो ट्रंकपर्यंत येतो आणि थांबतो. राउटर किंवा लेयर-थ्री स्विच (राउटिंग करणारा स्विच) लागेल हे त्याच्या तोंडून निघत नाही. मला त्या मुलाचं वाईट वाटतं, कारण कर्ज काढून फी भरलेली असते आणि घरच्यांना वाटत असतं आता नोकरी लागली.

गोदाकाठ

सहमत. अ‍ॅडमिनना विनंती, वरचा मेसेज काढावा.

सह्याद्रीपुत्र

पुस्तकांवर बरंच झालं म्हणून लॅबचं सांगतो. पॅकेट ट्रेसर, म्हणजे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीच्या खात्यावर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. पुस्तकात जी कमांड वाचाल ती त्याच दिवशी तिथे टाइप करा, नुसती चालवू नका, मुद्दाम मोडून बघा.

का म्हणतोय ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका मजल्याच्या ट्रंकवर व्हीलॅन ३० वाढवायचं काम आलं. पुस्तकात कमांड वाचलेली, स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०. टाकली, एंटर मारलं. त्या ट्रंकवर आधी १० आणि २० होते ते गेले, उरला फक्त ३०. कारण मध्ये 'अ‍ॅड' हा शब्द राहिला होता. तो नसेल तर यादीत भर पडत नाही, अख्खी यादीच बदलते. संध्याकाळचे सहा, मजल्यावर दोनशे माणसं, सगळ्यांचे फोन आणि पीसी एकदम बंद. माझा सीनियर काही बोलला नाही, शेजारी येऊन बसला आणि म्हणाला आधी शो इंटरफेसेस ट्रंक टाक, बघ काय दिसतंय. तेव्हापासून आजपर्यंत बदल करायच्या आधी आणि नंतर ती कमांड मी टाकतोच. हे पॅकेट ट्रेसरमध्ये आधी मोडून बघितलं असतं तर दोनशे लोकांची संध्याकाळ वाचली असती.

चंद्रभागा

सह्याद्रीपुत्र दादा, हे मी आत्ता करून बघितलं. खरंच गेलं की सगळं!! वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय.

मस्कतकर

मी ओमानला आहे, इथल्या जाहिरातींत सर्टिफिकेट व्हॅलिड आहे का ते विचारतात. तीनच वर्षं असतं, हे लक्षात ठेवून तारीख ठरवा. आणि कुणी नेटवर्क प्लसचा (कॉम्पटियाची परीक्षा) विचार करत असेल तर तेही पुस्तक घेताना कोड बघा, एन१०-००९ चालू आहे, एन१०-००८ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. ज्याला एकाच कंपनीच्या उपकरणांत अडकायचं नाही त्याला ते बरं, पण भारतात एनओसीच्या नोकरीला मी सीसीएनएच सांगेन.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. यादी भिंतीला लावली. जुन्या पुस्तकातली प्रकरणं समोर लिहिली, अर्ध्याहून जास्त ओळी भरल्या! दुसरा खंड मागवलाय. मोगराताई, तुमच्यासारखं मी रूममेटला सांगतो, तो मेकॅनिकलचा आहे, बिचारा ऐकतो.

एक शंका. राउटिंग टेबलमध्ये १०.२०.०.०/१६ स्टॅटिक (हाताने टाकलेला), १०.२०.३०.०/२४ ओएसपीएफने आणि १०.२०.३०.१२८/२५ आरआयपीने (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल). पॅकेट चाललंय १०.२०.३०.७७ ला. मी म्हटलं स्टॅटिक, कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १, सगळ्यात कमी. उत्तर चुकलं. मग वाटलं सगळ्यात लांब प्रीफिक्स (तिरक्या रेषेनंतरचा आकडा) /२५, तेही चुकलं. मग नक्की काय?

राउटरवाला

आधी बघायचं पत्ता कुठल्या कुठल्या रूटमध्ये बसतो. /२५ वाला १२८ ते २५५, त्यात ७७ बसतच नाही, तो बाद. उरले दोन, त्यातला लांब प्रीफिक्स /२४, म्हणून ओएसपीएफ. डिस्टन्सची तुलना तेव्हाच, जेव्हा तेच नेटवर्क तोच मास्क दोन ठिकाणांहून कळतं, आणि टेबलमध्ये शिरायच्या आधी. टेबल तयार झाल्यावर पॅकेट पाठवताना राउटर डिस्टन्सकडे बघत नाही. हे पक्कं करा, २५ टक्क्यांचा भाग आहे हा.

माणदेशी

पाच महिन्यांनी परत येतोय. सांगायला हवं म्हणून लिहितो, पहिल्या वेळी नापास झालो. तयारी झाली असं वाटत होतं, पण कामावर दोन जण सुट्टीवर गेले आणि मी दुसऱ्या खंडाचा शेवट, ऑटोमेशन, दोन रात्रींत उरकला. रेस्ट एपीआय, जेसन, अ‍ॅन्सिबल, टेराफॉर्म नुसती नावं पाठ. निकालाच्या कागदावर भागवार टक्के येतात, तिथे स्वच्छ दिसलं. आणि पेपरात मागे जाता येत नाही, एका लॅबच्या प्रश्नावर फार वेळ गेला नि शेवटचे प्रश्न घाईत. तीन दिवस कुणाशी बोललो नाही.

मग ती प्रकरणं पहिल्यापासून घेतली, रूममेटला जेसन (डेटा लिहायची पद्धत) समजावलं, कंस कुठे चौकोनी कुठे महिरपी ते त्याला चुका काढायला लावल्या. दीड महिन्याने पुन्हा बसलो. काल पास झालो. रात्री शिफ्टला असतानाच मेल आला, लीडला दाखवला, त्याने अख्ख्या एनओसीला चहा पाजला.

मोगरा

माणदेशी भाऊ, डोळ्यात पाणी आलं हो. खूप खूप अभिनंदन! घरी कळवलंत का?

माणदेशी

हो ताई, पहाटे पाचलाच फोन केला. वडील धारेला उठलेलेच होते.

लातूरकर२४

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. मी शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या इथे ही पुस्तकं मिळत नाहीत आणि नवं घेणं आत्ता शक्य नाही. कुणाकडे जुनं पडून आहे का?

माणदेशी

माझं २००-१२५ वालं घे. ईआयजीआरपीच्या प्रकरणांना रबरबँड लावलाय, ते आत्ता वाचू नको. बाकी प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय की नव्या यादीतली कुठली ओळ त्यात येते. सबनेटिंगच्या पानांवर माझी गणितं आहेत, ती खोडून तू तुझी कर. पत्ता मेसेज कर, सोमवारी सुट्टी आहे, पोस्टात टाकतो.